जरा गारच आहे

विल्फ थर्लवेल गेला त्या मंगळवारी
नॉर्मन हेडली कुंपणापाशी आला,
टोपी काढली, परत घातली,
म्हणाला, "जरा गारच आहे आज."
एनिड म्हणाली, "हो ना. वाराही सुटलाय."
सांत्वन झालं.

रुळांमागे ही वाफ्यावाफ्यांची जमीन,
खाणमालकांनी कधीकाळी
मजुरांना भाजीपाल्यापुरती सोडलेली.
खाण बुजली. तिच्यावर सुपरमार्केट उभं आहे,
तिथे लीक मिळतात, तीन एका पौंडाला.
पण इथली माणसं अजून
मांडीएवढा लीक वाढवतात,
कांद्याच्या पातीचा हा थोरला, मुका भाऊ,
आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी
क्लबातल्या टेबलावर मांडून
मयताला आल्यासारख्या चेहऱ्यांनी
त्याचा घेर मोजतात.

विल्फचं खत गुपित होतं.
कुणी म्हणे बिअरचा गाळ,
कुणी म्हणे मेंढीच्या लेंड्या, पिंपात भिजवून.
त्याच्यामागे एनिडने शेडमधला बिस्किटांचा डबा उघडला.
वही निघाली. एकवीस वर्षांच्या नोंदी.
"पाऊस."
"पाऊस."
"पाऊस, दुपारी ऊन."
"नॉर्मनचे बरे दिसतायत लेकाचे."
"पाऊस."
खताबद्दल अवाक्षर नाही.
एनिडबद्दलही नाही. तिने दोनदा चाळून पाहिलं.

मग तिने आपलंच डोकं चालवलं.
चहाचा चोथा, बटाट्यांचं गार झालेलं पाणी,
नातवाने अर्धं टाकलेलं लेमोनेड.
लीक वाढला. फुगत राहिला,
घरात न बोललेल्या एखाद्या गोष्टीसारखा.

प्रदर्शनाच्या आठवड्यात रात्री सुऱ्या फिरतात,
हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
राल्फ चार्लटनचे मागे असेच कुणीतरी कापले,
उभे, पट्ट्यापट्ट्यांत.
तेव्हापासून तो गोल्डफिश पाळतो.

शुक्रवारी पहाटे पाचला
नाइटीवर विल्फचा कोट चढवून
एनिड टॉर्च घेऊन निघाली.
तिच्या वाफ्याशी घडीची खुर्ची,
खुर्चीत नॉर्मन,
हनुवटी छातीवर, मांडीवर थर्मास,
गुडघ्यांवर आडवी मुलाची जुनी क्रिकेटची बॅट.
त्याचे स्वतःचे लीक चार वाफे पलीकडे,
राम भरोसे म्हणावं तर इथे रामही नाही.

"आभारी आहे" तिच्या ओठांपर्यंत आलं.
ते तिने फुंकून गार केलं
आणि गिळलं.
थर्मास उचलून हलवला. रिकामा.
घरी जाऊन भरून आणला,
साखर दोन चमचे, वर अर्धा.
तीस वर्षं क्लबात समोरच्या टेबलावर बसत होता,
एवढं दिसतंच माणसाला.

तो जागा झाला. बॅट पाठीमागे दडवली.
"दव फार पडलं रात्री."
"पडलं खरं."
आणि जरा थांबून, कधी नव्हे ते,
एनिडने पुढचं वाक्य जोडलं:
"दुपारी उघडेल म्हणतात."
नॉर्मन कानापर्यंत लाल झाला.
इतकं जवळचं
बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं त्याच्याशी.

शनिवारी एनिडचा लीक बाद ठरला.
पातीला चीर होती, नखाएवढी; नियम बारावा.
पहिला आला भलताच कुणी,
पलीकडच्या गावाहून पिकअप घेऊन आलेला,
जो हवेबद्दलसुद्धा चकार शब्द न बोलता
टीव्ही उचलून निघून गेला.
पंच मात्र हळूच म्हणाले,
मापात तुमचाच मोठा होता, मिसेस थर्लवेल.
ती म्हणाली, "असं होय," आणि पर्स बंद केली.

रात्री तिने वही काढली,
विल्फच्या शेवटच्या "पाऊस"खाली
एक ओळ सोडून लिहिलं:
"कोरडं. वारा पश्चिमेचा.
नॉर्मन तिसरा. टोस्टर मिळाला.
त्याच्याकडे आधीच दोन आहेत."