डायरेक्ट

सावद्याच्या कारखान्यात कढईपासून अठरा पावलांवर माझं टेबल.
वर पंखा, तोही तेलकट.
आज दुपारी मी त्या मदतनीसाला
आमचे सगळे आकडे जोडून दिले.

एक किल्ली बनवायची होती. लांबलचक, अर्थ नसलेली,
कुणाला न दाखवायची.
केळीच्या आवकीच्या वहीत ती उतरवली,
मग पान फाडून कढईखालच्या जाळात टाकलं.

चौकट उघडली: कसली परवानगी द्यायची?
वाचणे. लिहिणे. पुसणे.
मी, तनुजा वारके, बी.कॉम., फैजपूर,
फक्त 'वाचणे'वर टिचकी मारली.
नव्या माणसाला आधी ओसरीच दाखवतात.

भारंबेशेठ मागे उभे, बोटांना मीठ-तिखट.
"इचार त्याले, जाहिरातीतले एकोणीस हजार कुठी गेले?"

त्याने क्षणभर घेतला.
फेसबुकवरून तीनशे बारा माणसं आली, नऊ जणांनी घेतलं.
रीलवरून अकराशे. चौघांनी.
बाकीचे चार सेकंद थांबले आणि गेले.
"म्हन्जे जत्रेतले," शेठ म्हणाले,
"पाळण्याकडे पाह्यतात, बसत नाही."

मी बंदच करणार होते.
पण त्याने न विचारता एक ओळ दाखवली,
सगळ्यांत मोठी, जिच्यावर आम्ही कधी बोट ठेवलं नव्हतं.
*डायरेक्ट.*
कुठल्या जाहिरातीतून नाही, कुणाच्या दुव्यावरून नाही,
आमचा पत्ता स्वतःच्या बोटांनी टाइप करून आलेली माणसं.
उधना. लिंबायत. नवापूर. दोंडाईचा.
दोन वर्षं, महिन्याला सातशेच्या आसपास.
मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून दीडशे.

आणि खाली, अगदी साध्या अक्षरात:
*त्या आठवड्यात काही घडलं होतं का?
माझ्याकडे त्याची नोंद नाही.*

शेठनी हात पँटला पुसले.
दोनदा पुसले.

नोंद आमच्याकडेही नव्हती.
जाहिरातखर्चात तो नाही, पगारपत्रकात नाही,
त्याचा रेल्वेचा पास 'इतर खर्चा'त,
झाडू, बल्ब आणि चहापत्तीच्या शेजारी.
उखर्डू भाऊ, अमळनेरचा.
बावीस वर्षं सुरत पॅसेंजर, खांद्याला खाकी झोळा,
समोरच्याच्या मांडीवर पाकीट ठेवून
"खाई तं दख भाऊ, पैसा मंग देजो."
आम्ही साइट काढली तेव्हा
त्याने मार्कर मागून घेतला,
प्रत्येक पाकिटावर पत्ता हाताने लिहिला.
पहिल्या शंभरांवर एक अक्षर चुकलं होतं.
तरी लोक पोचले.

मार्चमध्ये नंदुरबारला फलाट दोनवर
गाडी धरताना पडला, गुडघा गेला.
आम्ही नऊ हजार आणि वेफरचा एक खोका पाठवला.
मग मार्चअखेर होती.

मी टाइप केलं: हो. एक माणूस पडला.
त्याने विचारलं, *ही माहिती पुढच्या हिशेबात धरू का?*
कशी धरणार? आम्ही त्याला लिहिण्याची परवानगी दिली नव्हती.
आणि आम्हाला ती होती तेव्हा
आम्ही लिहिलं नव्हतं.

शेठनी फोन लावला.
तिखटाच्या बोटांनी, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा लागला.
"उखर्डू, ऐक. हे मशीन तुले इचारून राह्यलं.
तुझी ओळ आहे रे इथं, सगळ्यांत मोठी."

स्पीकरवर थोडा वेळ पंख्याचाच आवाज,
त्याचा की आमचा, कळेना.
मग अमळनेरहून:
"मनी? मनी कसानी ओळ?"

तेवढ्यात मागे कढईतला घाणा करपला.