मोरचुदाचं टाकं

शनिवारी रात्री दहाला मी व्हॉल्व्ह उघडतो.
साडेतीन तास लागतात कृपाद्वारचा हौद भरायला.
काचेचा आहे. आतून दिवे, पाणी कोमट,
समोर चार हजार दोनशे खुर्च्या
आणि दोन पडदे,
मागच्यांनाही भिजलेले चेहरे दिसावेत म्हणून.

सातपूरच्या या शेडमध्ये आधी बेअरिंगं बनायची.
मी इथेच फिटर होतो, तिसऱ्या पाळीला.
लेथ होती तिथे आता व्यासपीठ आहे.
तेलाचा वास लादीखालून अजून येतो, उन्हाळ्यात,
पण तो फक्त आम्हा जुन्यांनाच येतो.

बुडून वर येणं या गावाला नवीन नाही.
आपण एकदाच बुडतो, एवढाच फरक,
असं थोरले पाळक म्हणायचे, शिमोन पडघलमल,
सायकलच्या कॅरियरला पेटी बांधता बांधता.

एकोणऐंशी साली हौद कुठला?
मोहाडीकडच्या एका बागाईतदाराने
फवारणीचं टाकं दिलं, एका दुपारपुरतं.
आईने ते तीनदा घासलं,
मोरचुदाचं निळं कोपऱ्यांतून सुटेना.
अकरा जण उतरले, अकरा जण निळसर निघाले.
आई शेवटची.
आत गेली केरूबाई, वर आली मार्था.
रेशनकार्डावर मात्र केरूच राहिली;
का, ते ज्यांना कळायचं त्यांना कळतं.
ती साडी ट्रंकेत आहे. काठाला डाग आहे.

मग एक खोली, मग खोलीबाहेरचा ओटा,
मग मंगल कार्यालय
(रविवारी मुहूर्त निघाला की उपासना रस्त्यावर,
आमच्या 'आमेन'वर वरातीचा बँड).
कारखाने बंद पडत गेले तशी मंडळी वाढली.
हे कुणी साक्षीत सांगत नाही. मी मोजलंय.
दारू सुटलेले आले, नोकरी सुटलेले त्याहून जास्त.
त्या वाईट वर्षी ऑक्सिजनचे नळकांडे
याच खुर्च्यांमध्ये उभे होते, रांगेने,
आणि कोणाचा धर्म कोणता, हे विचारायला
कोणाच्याच छातीत हवा नव्हती.

त्यानंतर शहर आम्हाला ओळखायला लागलं.
पालिकेच्या निवडणुकीआधी
तिन्ही पक्षांचे उमेदवार एकाच रविवारी आले,
पहिल्या रांगेत, मध्ये एकेक खुर्ची सोडून.
धाकटे पाळक, डॉक्टर आशेर, म्हणाले,
आम्ही कुणाचा प्रचार करत नाही, फक्त प्रार्थना करतो.
दोघांसाठी पाऊण पाऊण मिनिट केली,
तिसऱ्यासाठी अडीच.
चार हजार लोकांनी डोळे मिटून हिशेब केला.

चार महिन्यांत डांबर आलं.
आमच्या फाटकापर्यंत आलं आणि थांबलं,
जणू पुढे देवाचं काही काम नव्हतं.
पुढे वस्ती आहे. शंभरेक घरं, एक नळ.

पंचेचाळीस वर्षांच्या सोहळ्याला काळ्या दगडावर
पहिल्यांची नावं कोरली.
दहा नावं, आणि खाली 'व इतर'.
मी कार्यालयात विचारलं, इतर म्हणजे किती?
मुलगा भला होता. कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधत राहिला.
म्हणाला, काका, मार्था म्हणून कागद नाही,
आणि केरू म्हणून बाप्तिस्मा नाही.
मी बरं म्हटलं. चहा आला होता, तो प्यालो.

तर, सोमवारी हौद रिकामा करायचा असतो.
पाइप पूर्वी गटारात जायचा.
मी एक टी बसवला, एक कोपर,
भिंतीला भोक, पलीकडे तोटी.
कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नाही.
क्लोरीन तेवढं कमी टाकतो हल्ली.
सकाळी सातला हंडे लागलेले असतात,
ड्रम, कॅन, एक जुनी दुधाची बरणी.

काल एकीने विचारलं, यात तुम्ही धुता तरी काय?
म्हटलं, माणसं.
तिने ओंजळीत घेऊन वास घेतला,
तुरटी फिरवली दोनदा,
आणि दुसरा हंडा लावला.