बाकी एक

दिवा गावातली शाळा, ऐरोली. तिसरी ब.
खिडकीतून खाडीचा वास येतो,
भरतीला जरा कमी, ओहोटीला भरपूर.
माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
त्यात एकशे सत्तर चिंचोके.
जूनमध्ये दोनशे होते.
खिशाला भोक आहे, असं गोविंदा राठोड म्हणतो.

दिवाळीपर्यंत आम्ही नुसते वाटत होतो.
बारा तिघांत, अठरा सहांत,
तुला एक, मला एक,
तुला एक, मला एक,
फरशीवर खडूने आखलेल्या घरांत
टकटक, टकटक,
आणि कुणाला ठाऊकच नव्हतं
याला भागाकार म्हणतात.

मग वह्या उघडल्या.
फळ्यावर दोन कंस, मधे बावन्न,
डावीकडे चार,
उजवीकडे उत्तरासाठी मोकळी जागा.
डोळ्यांच्या चौतीस जोड्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या
जशी मी बोलता बोलता
दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरले होते.
हर्षाली केणी, चिंचोके वाटताना
जी एकानेही कधी चुकली नाही,
तिने खाली चारचा पाढा लिहिला,
दहापर्यंत, सुबक अक्षरात,
आणि वही मिटली.

"आता वरचा दोन खाली घ्या," मी म्हणाले.
झोयाने विचारलं, "का? वर काय झालं त्याला?"

तेवीस वर्षं मी तो दोन खाली उतरवते आहे.
मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घरचा खराटा सोडून आणला.
दहा-दहा काड्यांना भाजीवाल्याचे रबर लावले.
पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या, चार ताटल्या.
प्रत्येकीत एक गठ्ठा गेला,
एक गठ्ठा हातात राहिला.
ताटल्यांपुढची चौघं त्याच्याकडे बघत बसली.
"तोडायचा?"
"सोडायचा."
रबर सुटला, काड्या पसरल्या,
आणि मघापासून कोपऱ्यात बसलेल्या त्या दोघी
झाल्या बारा.

झोया ओरडलीच, "बाई, दोन कुठे उतरला?
तो तर तिथंच होता!
दहाच आले त्याच्याकडे!"

मी खडू खाली ठेवला. जरा वेळ.

त्या दिवसापासून एकच नियम:
काडी हलल्याशिवाय पेन्सिल हलायची नाही.
गठ्ठे वाटले, की लिहा.
किती गेले, ते त्याखाली लिहा. किती राहिले?
रबर सोडला? मग आता, आता घ्या तो दोन.
पंधरा दिवसांनी काड्या वहीत आल्या,
उभ्या रेघा होऊन.
मग रेघा गेल्या, ठिपके राहिले.
मग ठिपकेही गेले;
बाकाखाली बोटं मात्र अजून हलतात,
कुणाचा तरी रबर सोडत.
मी बघून न बघितल्यासारखं करते.

जानेवारीत त्रेपन्न भागिले चार दिलं.
हर्षालीने पेन्सिलीचं टोक चावलं.
"बाई, यो येक कोनाचा?"
"कोणाचाच नाही. ती बाकी."
तिला पटलं नाही.
तिची आई नाक्यावर बोंबील विकते,
वाटे लावते, आणि उरलेला
पहिल्या गिऱ्हाइकाच्या वाट्यावर टाकते.
तिच्याकडे कोणाचाच नसलेला बोंबील
आजवर झालेला नाही.

वहीत तिने लिहिलं:
भागाकार १३, बाकी १, वर टाकला.
तपासताना लाल पेन दोनदा उचललं.
शेवटी बरोबरची खूण केली,
जरा मोठीच.

आज डबा माळ्यावर ठेवायचा म्हणून
चिंचोके पुन्हा मोजले.
चौतीस पोरं, माणशी पाच,
आणि वर एक.
परत मोजले.
एकशे एकाहत्तर.
गोविंदा खिडकीशी उभा राहून
खाडीकडे बघत होता,
फार लक्ष देऊन.