अकरा सेकंद

मी हेमांगीताईचे व्हिडिओ कापतो.
पवननगरला झेरॉक्सच्या दुकानावर खोली,
पत्र्याला खालून थर्माकोल, मधे पंखा;
रेकॉर्डिंगला तो बंद करावा लागतो
आणि घाम आम्ही फ्रेमबाहेर ठेवतो.

माझं काम असं, की ते केलेलं दिसू नये.
तिचा खोकला, तिचं "थांब, परत घेते",
खालच्या रिक्षाचा हॉर्न,
सगळं जातं. कुणाला पत्ता लागत नाही.

या खेपेला मिक्सर होता.
कंपनीने पाठवलेला, चेरी रंगाचा,
खोक्यात कार्ड: आपल्या लाडक्या परिवारास.
चाळीस हजार ठरलेले, वीस खात्यावर आलेले,
त्यातले नऊ भाड्यात गेलेले.

काळ्या मसाल्याचा घाट घातला होता.
खोबरं, धणे, दगडफूल, तळून वाळवलेला कांदा.
दुसऱ्या मिनिटाला आवाज घोगरा झाला,
मग एक किंचाळी, आणि बंद.
ताई काही बोलली नाही.
मोटारीवर तळहात ठेवून नुसती उभी.
जळक्या वार्निशचा वास खोलीभर.
वास व्हिडिओत येत नाही.
म्हणून तर आपल्याला तोंड दिलंय, ती नंतर म्हणाली.

व्हिडिओ आधी मंजुरीला गेला. करारातच होतं तसं,
पान तीन, कलम सात. वाचून सही केलेली.
संध्याकाळी फोन. मुलगा चांगला होता, इथलाच,
गंगापूर रोडला राहतो म्हणाला, आई तुमचं सगळं बघते.
"खोटं बोला असं कोण म्हणतंय, ताई?
तेवढे अकरा सेकंद काढा फक्त."

खरंच अकराच. मी मोजले.
काढले असते तर सांधा दिसला नसता:
आधी मसाला भरड, मग बारीक,
मधे तिच्या बांगड्यांवरून कॅमेरा फिरवला की झालं.
मला येतं ते. मागे केलंय.

मागे म्हणजे तवा.
निळा, न चिकटणारा, "माझ्या घरी हाच" असं सांगितलेला,
तिच्या गॅसवर जो कधी चढलाच नाही.
चार महिन्यांनी ओझरच्या एक बाई दारात आल्या,
चपला बाहेर काढून. हातात बाजाराची पिशवी,
पिशवीत तवा, तव्यावर चट्टे.
भांडायला आल्या नव्हत्या, तेच वाईट.
"तुम्ही कसा धुता तेवढं सांगा.
माझंच काही चुकत असेल."
चहा घेतला त्यांनी. बिस्कीट बशीतच ठेवलं.
ताईने सोळाशे रुपये हातात दिले,
त्यांना कळेना कशाचे.

मग काढू का, मी विचारलं.
ती खिडकीशी होती. खाली सिटीलिंकची बस वळत होती,
अंगभर कुठल्याशा क्लासची जाहिरात,
खिडक्यांच्या काचांवरसुद्धा,
टॉपर पोरीचं हसू चार सीटांवर पसरलेलं.
"आत बसलेल्यांना बाहेरचं दिसतं का रे?"
दिसतं, म्हटलं. थोडं काळपट.
"ठेव," ती म्हणाली.

वीस परत करायचेत, नऊ कमी आहेत.
माझा या महिन्याचा पगार मीच पुढे ढकलला,
उपकार म्हणून नाही;
तव्याचा तो सांधा माझा होता.
मिक्सर खोक्यात गेला, कार्डासकट.
सुरुवातीला तिने दोन ओळी टाकायला लावल्या:
पैसे घेतले होते, परत करतोय.
मिक्सर कसा चालला ते पुढे बघा.
अक्षरं केवढी घेऊ?
"ओझरच्या बाईंना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी."

रात्री हेडफोन लावून शेवटचं ऐकलं.
किंचाळी. मग काही नाही.
मग तिचा श्वास, आणि खालून कुणीतरी
झेरॉक्सवाल्याला सांगतंय,
"दोन्ही बाजूंनी काढा हो."
एवढं तरी, नियमाने, कापायला हवं होतं.
राहू दिलं.