पाच नंबरचा वाफा

नेइंदो सायकलवरून सहा पुड्या घेऊन आला.
पुड्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे.
नावाचं नंतर बघू, म्हणाला, आधी उगवू तर दे.
आई म्हणाली, आमच्यातही बाळाला
सात दिवस नाव नसतं.

घरामागचा तुकडा आईचा,
म्हणजे वडिलांच्या मक्याला नकोसा झालेला:
मुरमाड, टारफुल्यानं दोन वर्षं चाटून खाल्लेला.
शियाच्या झाडाची सावली सोडून
दोरीनं सहा वाफे आखले.
बियाण्याला काळी पूड चोळली,
तेव्हा आईचे हात मनगटापर्यंत
भांडी घासल्यासारखे झाले.

वही माझ्याकडे.
उगवण, फुलोरा, उंची, शेंगा, वजन
असे पाच रकाने, पट्टी लावून आखलेले.
आईला अक्षर येत नाही,
ती छपराच्या गवतात काड्या खोवून ठेवते.
तिच्या काड्या आणि माझे आकडे
एकदाच जुळले नाहीत,
आणि चूक माझी निघाली.

चार नंबर फुसेनीच्या शेळ्यांनी खाल्ला.
सगळ्या रकान्यांवरून आडवं
मी एकच लिहिलं: शेळ्या.
मला वाटलं नेइंदो हसेल.
तो म्हणाला, हीपण माहितीच आहे.

ऑगस्टात त्यानं एक रोप उपटलं,
मुळावरची गाठ नखानं फोडली,
आतून तांबूस.
म्हणजे काम चालू आहे, म्हणाला.
तो ओला डाग आईच्या अंगठ्यावर लागला.
तिनं दिवसभर पुसला नाही.

दोन नंबर सगळ्यांच्या पुढे.
माझ्या कमरेला लागलेला, शेंगांनी लगडलेला,
रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या.
पाच नंबर बुटका, पानाआड शेंगा,
कुणी विचारलं तर मी घाईनं पुढे जायची.

मग सगळे वाफे एकदमच पिवळे पडले,
आणि त्याच आठवड्यात वडिलांचा मका तयार झाला.
आधी त्यांचा मका.
मग काकांचा.
मग येंडीला मयत, तीन दिवस तिकडेच.
आमच्या गावात बाईचं शेत
रांगेत शेवटी उभं असतं,
घागर रिकामी, तोंड गप्प.

मधेच हर्मटान सुटला.
उत्तरेची कोरडी धूळ, ओठांना चिरा,
सूर्य पांढऱ्या ताटलीसारखा.
रात्री मी चटईवर ऐकलं:
तड.
मग थांबून, तड तड.
“दोन नंबर,” आई अंधारातून म्हणाली.
ती जागीच होती.

शेवटी विळे घेऊन गेलो तेव्हा
दोन नंबरच्या शेंगा पीळ पडून उघड्या,
दाणे मातीत, आणि पारव्यांची पंगत बसलेली.
पाच नंबर जसाच्या तसा, तोंड मिटून.
आईनं एक शेंग दातात धरली,
तेव्हा कुठे ती उघडली.

नेइंदोनं शियाच्या फांदीला काटा टांगला.
पोती तोलता तोलता चिडला:
दहा दिवस आधी कापलं असतं
तर दोन नंबर पहिला आला असता.
केंद्रावर तोच पहिला येतो, दरवर्षी.
आई पोत्याचं तोंड बांधत होती.
“केंद्रावर आधी कुणाचा मका काढतात?”

काटा जरा वेळ हलत राहिला.

मग तो मला म्हणाला, अजून एक रकाना आख.
पट्टी घरी राहिली होती, रेघ वाकडी आली.
वर काय लिहू?
तो आईकडे बघायला लागला.
“लिही,” ती म्हणाली, “वाट बघतो का.”

मी पाच नंबरसमोर लिहिलं: हो.
दोनसमोर: नाही.
एक आणि सहासमोर: थोडा वेळ.
तिनासमोर आईनं अजून एक सांगितलं,
शिजायला सरपणाचा भारा खातो,
पण त्याला रकाना नव्हता,
ते मी समासात घातलं.

पाच नंबरचं बी आता तुंबड्यात आहे,
वर राख, मातीनं लिंपलेलं तोंड.
फुसेनी दोनदा येऊन गेली,
एक वाडगा दे म्हणून, आणि नाव काय म्हणून.
वाडगा आईनं दिला.
नावाचं म्हणाली,
अजून एक सुगी जाऊ दे.