बडगीचा सामना

मोसम संपला होता.
विद्यापीठाचा चषक डिसेंबरातच धुळ्याला गेला
आणि तिथल्या प्राचार्यांच्या खोलीत काचेआड बसला.
आम्ही उरलो तिसरे, नंदुरबारवाले चौथे,
की उलट. गुणतक्त्यावर चहा सांडला होता.

तिसऱ्या-चौथ्याचं नाव पेपरात येत नाही.
म्हणून बऱ्हाटे सरांनी संक्रांतीनंतरचा रविवार धरला,
भुसावळचं रेल्वेचं मैदान मागून घेतलं,
आणि चषकाला पैसे नव्हते, तर
घरची बडगी आणली:
सागाची, नावेच्या आकाराची,
भरीत कुटून कुटून पोटात काळी पडलेली.
बाहेरून वार्निश मारलं होतं.
आतून मारायचं नाही, असं बाईंनी बजावलेलं.
सामना संपला की ती लागणार होती.

रेफरी हुरमत तडवी. मालगाडीचे गार्ड.
सहा दहाची गाडी घेऊन खंडव्याकडे जायचं होतं,
म्हणून पांढऱ्या गणवेशातच पळत होते,
झेंड्या बगलेत, शिटी गाडीचीच.
ती वाजली की यार्डातला एक शंटर
दर वेळी दचकून वर पाहायचा.

गोलात मी. आडनाव झोपे.
भिंतीवर बसलेल्यांना एवढं पुरेसं होतं.
"झोपे, ऊठ रे भो! सकाळ झाली!"
सव्वा तास हेच.
फेगडेनं आमचा एक केला,
रतन वसावेनं त्यांचा एक केला,
तो माझ्या पायांतून गेला, त्याविषयी नको.

मध्यंतरापासून मैदानाच्या कोपऱ्यात पऱ्हाट्या पेटल्या होत्या.
बामणोदची वांगी, पोतंभर.
धूर आमच्या बाजूला वळला
आणि खेळ जरा मंदावला, दोन्हीकडचा.
उपाशीपोटी बचावफळी काय बचावणार.

एक-एक. मग पेनल्ट्या.
चार-चार.
तडवींनी घड्याळ पाहिलं. म्हणाले,
"आता एकच. मग मी निघालो."

दिवाल्या पाडवी आला.
बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली,
घाई कुणाची त्याला माहीतच नव्हती.
त्याच्या मागे सूर्य, नेमका खांद्यावर.
मी डोळे मिटले.
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

ठण्ण.
वरच्या दांडीवरून चेंडू खाली आला,
जिथे आला तिथे सकाळी चुन्याची रेघ होती.
आता नव्वद मिनिटांची माती होती.

"आत व्हता ना भो!"
"काय आत! रेघवर व्हता!"
"रेघ कोठे शे?"
सगळे रेफरीकडे वळले.
रेफरी कुंपणाच्या भोकातून
यार्डात उतरत होते,
एका हातानं टोपी धरून.

मग माझ्याभोवती कोंडाळं. झोपे, तू सांग.
तू तर हातभर अंतरावर होतास.
मी म्हणालो, मी पाहिलं नाही.
खरंच बोललो,
आणि बावीस जणांत एकानंही मानलं नाही.

पाडवी म्हणाला, "राहू द्या. भूक लागली."

बडगीत वांगी पडली, मिरच्या, लसूण, कांद्याची पात.
भंगाळे आणि वसावे समोरासमोर बसून कुटत होते,
आळीपाळीनं, एकही टोला न चुकवता.
अख्ख्या सामन्यात एवढा मेळ दिसला नव्हता.
कळण्याच्या पुऱ्या. बोटं भाजली.
वार्निशचा वास लागलाच थोडा.

सहा दहाची सातला हलली.
भिंतीपलीकडून वाघिणी निघाल्या, कोळशाच्या,
कुणीतरी मोजत होतं, चाळीसनंतर हुकलं.
शेवटी गार्डाचा डबा,
त्यात एक पांढरा ठिपका,
आणि हातातला दिवा. हिरवा.
दोनदा हलवला.

"बघा! गोल दिला!" नंदुरबार उठून नाचलं.
"अरे, तो ड्रायव्हरला आहे!" आम्ही.
"ड्रायव्हर तिकडे, पुढे! दिवा इकडे का मग?"
"दिवा गोल असतो म्हणून काय..."

वाद चालू राहिला, आजही चालू असेल.
पाडवी काही बोलला नाही.
बोट चाटत बसला होता.
मग बडगी माझ्याकडे सरकवली,
तळाशी करपलेलं, तेलकट, सगळ्यात गोड उरतं ते,
म्हणाला, "हे तू घे.
तुला ऊन लागलं होतं."