पाच उन्हातली, पाच सावलीतली

जुन्या दारूचा डबा दिवाळीत संपला.
कंपनीनं ती बनवणंच सोडलं, दुकानदारानं कळवलं,
आणि बाबा चार दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.
बावीस वर्षांची वही होती तिच्यावर:
तारीख, वारा, हवेतला ओलावा, कागदावरची भोकं,
मधूनच ‘वैजूला ताप’, ‘म्हैस व्याली’.

आता ही नवी.
राखाडी, नाचणीहून बारीक,
वास थोडा स्पिरिटचा, थोडा कोऱ्या वहीचा.
माजघराचं दार बंद, पंखा बंद,
सोनाराकडून आणलेला काटा पाटावर,
आणि निवृत्त हवालदार, आर्मरर, सगुण मेस्त्री
श्वास धरून चिमट्यानं एक दाणा सोडतात पारड्यात,
मग तोच परत उचलतात.
‘माझा मंगळसूत्र पण असा तोलूक नव्हता,’
आई दाराबाहेरून.

मतलई पडायच्या आत आम्ही सड्यावर.
बंद पडलेली चिऱ्याची खाण,
गोळ्या पोटात घेणारी तिची लाल भिंत,
सहाशे मीटरवर कागद.
मधे तीन काठ्यांना आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या:
पहिली लवते, दुसरी विचार करते,
तिसरी भलतंच सांगते.
झिलूनं गुरं पलीकडच्या व्हाळात उतरवली,
तांबडं निशाण रोवून शिट्टी दिली.

माझ्या खांद्याला रायफल, त्यांच्या गुडघ्यावर नवी वही.
बासष्टाव्या वर्षी पहिलं पान.
‘वारो बघ. घाय करू नको.’

जुनीचा धक्का ओळखीचा होता,
आतेनं पाठीत घातलेल्या धपाट्यासारखा.
ही परकी. हिचं अजून कळत नाही,
रागावते की नुसतीच बोलते.
पहिल्या तीन गोळ्या दुर्बिणीत
एका वाटीखाली झाकतील इतक्या जवळ.
मी वळून बघितलं.
‘तीन म्हणजे योगायोग,’ बाबा म्हणाले,
आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

खरी परीक्षा त्यांनी दुपारवर ठेवली होती.
कातळावर, आमच्या मागे थोड्या अंतरावर,
आईनं आमसुलं वाळत घातलेली.
त्याच चटईच्या कडेला पाच काडतुसं उन्हात,
पाच काजूच्या सावलीत, ओल्या फडक्याखाली.
कातळ इतका तापला
की कावळासुद्धा एका पायावरून दुसऱ्यावर.

सावलीतली पाच जिथं जायची तिथं गेली.
उन्हातली पाच दोन बोटं वर.
जुनी असती तर वीतभर चढली असती.
बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं,
मग पुन्हा चष्मा पुसला.

आईनं आमसुलं उलथता उलथता विचारलं,
‘नेमका काय शोधतास तरी?’
‘ऊन लागला तरी डोक्या फिरूचा नाय, अशी दारू.’
तिनं मानसुद्धा वर केली नाही.
‘गावली तर थोडी तुमच्यातय भरूया.’

मी बोल्ट ओढायची विसरले.
झिलू निशाणाच्या काठीला धरून हसत होता.
बाबांनी वही जवळ घेतली, खूप वेळ लिहिलं.
नंतर मी चोरून वाचलं:
‘ऊन: दोन बोटं वर. पुन्हा बघणे. थंडीत बघणे.
डिसेंबरच्या स्पर्धेआधी निर्णय नाही.’
आणि खाली, बारीक अक्षरात,
‘आमसुलं वाळत. हिचं खरं आहे.’

उतरत्या उन्हात खारा वारा सुटला
तेव्हा रिकाम्या नळ्या मोजल्या. उन्हा-सावलीच्या नऊच.
दहावी आईला चटईत सापडली,
तोंडाशी लाल, कोकमाच्या रसानं चिकट.
तिनं ती हुंगली, पदराला पुसली
आणि काही न बोलता
बाबांच्या खिशात टाकली.